तबकडीतली दुसरी बाई

कराडहून मुंबईला जाताना लोक काय काय नेतात. काकवी नेतात, घेवडा नेतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर एकदा लेकीसाठी पाटा-वरवंटा नेला होता. मी उशीचा अभ्रा नेला. अभ्र्यात दोन जाड पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये एक रेकॉर्ड. बसमध्ये ती मी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी न राहवून विचारलंच, "एक्स-रे आहे का?" मी "हो" म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर 'आमच्या वेळची गाणी' या विषयावर वाशीपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

ही रेकॉर्ड कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. गोराईच्या फिलोमिना नावाच्या मुलीनं स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली आणि गिटार वाजवत स्वतःच म्हटलेली मराठी गाणी तिच्यात आहेत. वाद्यवृंद नाही, कोरस नाही. मिठागरावरची बाई, भरतीची वाट बघत धक्क्यावर बसलेली मुलगी, कलिंगडाची वाडी राखणारा म्हातारा, अशी माणसं. एक बाई, एक गिटार, असं काही आमच्या कराडात तरी कुणी ऐकलेलं नव्हतं. इतरत्रही फारसं नसावं, कारण रेकॉर्ड आली तशी गेली. माझ्या मामाला मात्र कुणी घेत नाही ती वस्तू घ्यायची खोड होती. मी शाळेत असताना त्याच्याकडे ती ऐकली आणि जवळजवळ हिसकावूनच घरी आणली. पुढे लग्न झालं, औषधांचं दुकान झालं, पोरं मोठी होऊन पांगली, पण रविवारी दुपारी ही रेकॉर्ड लागतेच. नवरा म्हणतो, "आली का तुझी बहीण गायला?"

या रेकॉर्डबद्दल माझा एक लाडका सिद्धान्त होता. पहिल्या गाण्यात आवाज समंजस तरुणीचा आहे. मग गाण्यागणिक तो कोवळा होत जातो, आणि शेवटच्या अंगाईत तर शाळकरी पोरच गातेय असं वाटतं. मी म्हणायचे, काय कल्पक बाई आहे बघा! बाईपणाकडून बालपणाकडे उलटा प्रवास, तोही नुसत्या गळ्यातून. अंगाईच्या शेवटी तर ती मध्येच थांबते. दूरवर देवळाची नाहीतर चर्चची घंटा वाजते, गिटारची एक तार घुमत राहते, आणि घंटा संपल्यावर ती शेवटची ओळ म्हणते. त्या जागी माझ्या अंगावर अजून काटा येतो. हा सगळा सिद्धान्त मी ऐकून घेईल त्याला ऐकवलेला आहे. नवऱ्याला तर पाठ आहे.

तर झालं असं, की घाटकोपरच्या केतन नावाच्या माणसानं रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या गटावर विचारणा केली. असे एकेकटे, मागे पडलेले गायक शोधून त्यांच्या रेकॉर्डी तो पुन्हा नव्यानं छापतो. फिलोमिनाची मूळ टेप हरवलेली, काढणारी कंपनी केव्हाच गुंडाळलेली. त्याच्या स्वतःच्या प्रतीवर हा मोठा ओरखडा. कुणाकडे स्वच्छ प्रत असेल तर तिच्यावरून आवाज उतरवून घेता येईल. मी कळवलं, माझ्याकडे आहे. तो म्हणाला, "कुरिअर करा ना ताई." मी म्हटलं, कुरिअर नाही, मीच येते.

घाटकोपर

केतनचं घर पाचव्या मजल्यावर. दार उघडल्याबरोबर त्याच्या आईनं माझ्या हातातल्या पिशवीकडे न बघता अभ्र्याकडे बघितलं आणि "आवी गई?" असं विचारलं. मुलाच्या वेडानं आईलाही धरलेलं दिसत होतं. मग थेपले आले, छुंदा आला, आणि असा चहा आला, की साखर विरघळायला जागा उरली नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला तिखट खाऊ घालून रडवतात, इथं गोड खाऊ घालून गप्प करतात. डाळीतही गूळ होता. पण मी दोनदा वाढून घेतली, उगाच कशाला खोटं बोला.

त्याची खोली बघून मात्र मी खरंच चकित झाले. कपाटात, पलंगाखाली, देव्हाऱ्याच्या शेजारी, जिथं बघावं तिथं रेकॉर्डी, पण सगळ्या उभ्या, एकीचाही भार दुसरीवर नाही. माझी रेकॉर्ड त्यानं कडांना धरून अशी बाहेर काढली, जशी सुईण मूल घेते. आधी उजेडात तिरकी धरून बघितली. मग ती आडव्या चाकावर ठेवली आणि मऊ ब्रशनं, खाचांच्या दिशेनं, कसल्याशा पाण्यानं धुतली. ते पाणी त्यानं यंत्रानं शोषून घेतलं, आणि वाळेपर्यंत आम्हां कुणाला बोलू दिलं नाही. थुंकी उडते म्हणे. गेली कित्येक वर्षं मी ही रेकॉर्ड नवऱ्याच्या जुन्या बनियननं पुसत होते, हे मी सांगितलं नाही.

मग ती लागली. माझ्या घरचा स्पीकर आणि त्याचा स्पीकर यांत काय फरक असेल ते असो, मला पहिल्यांदाच फिलोमिनाचा श्वास ऐकू आला. ओळ सुरू करण्याआधी ती नाकानं हलकेच हवा घेते. केतन डोळे मिटून बसला होता. बाजू संपल्यावर म्हणाला, "काय कंडिशन आहे ताई, झकास! पण एक लोचा आहे."

लोचा असा, की फिलोमिनाबाई जिवंत होत्या, गोराईतच राहत होत्या, आणि परवानगी देत नव्हत्या. कव्हर तयार, कारखान्याची वेळ ठरलेली. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की ती मी नव्हे, मला विचारू नका.

"म्हणजे?"

"तेच तर समजत नाही ना. नाव त्यांचं, फोटो त्यांचा. मी दोनदा जाऊन आलो. चहा देतात, मासे खिलवायला बघतात. मी जैन माणूस, माझी वाट लागते. पण गाण्याचं नाव काढलं की उठून आत जातात." तो माझ्याकडे वळला. "त्यांनी हो नाही म्हटलं तर मी छापणार नाही. त्यांच्याशिवाय कसं छापणार? तुम्ही एवढ्या लांबून आलात, बाई माणूस, तुमच्याशी बोलतील कदाचित."

हा मुलगा मला तिथंच आवडला. दुसरा कुणी बाईच्या नकळत छापून मोकळा झाला असता.

गोराई

बोरिवलीच्या गजबजाटातून रिक्षा खाडीशी येऊन थांबते आणि मुंबई एकदम संपते. समोर तिवरं, पाणी, पलीकडच्या काठावर पॅगोड्याचा सोनेरी कळस. होडीत मोटारसायकली, भाजीच्या रिकाम्या पाट्या, शाळेचे गणवेश, आणि आम्ही दोघं. ओहोटी होती. पलीकडे उतरताना सगळे लोक सवयीनं फळीवरून गेले. मी शहाणपणा करून शेजारच्या कोरड्या वाटणाऱ्या जागेवर पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय वर आला, चप्पल आली नाही. होडीवाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, भरतीला वर येईल." भरतीला ती कुणाच्या दारी लागली कोण जाणे.

म्हणून फिलूमावशींची आणि माझी पहिली भेट मी एका पायात चप्पल घालून उभी असताना झाली. गावात त्यांना सगळे फिलूच म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, रुंद हाडाची, लुगडं कमरेशी खोचलेली बाई. माझ्या पायांकडे बघून त्या पहिल्यांदा हसल्या आणि काही न विचारता दगडी पायरीवर बसवून तांब्यानं माझे पाय धुतले. मी संकोचले. त्या म्हणाल्या, "बस गो, खाडीचा चिखल हाय. घरात आला तं मनाच पुसायला लागल."

आवाज भरदार, खालचा. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईसारखा. मी मनात म्हटलं, वयानं उतरला असेल.

घर छोटं, पुढे पडवी, पडवीत त्यांचा धाकटा भाऊ बाल्तू जाळं शिवत बसलेला. फळीवर बिअरच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या बघून मी केतनकडे बघितलं, केतननं छताकडे बघितलं. नंतर कळलं, त्यात वर्षाचा मसाला होता. उन्हाळ्यात कुटायचा आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, रंग उडत नाही. आम्ही कांदा-लसूण मसाला चिनी मातीच्या बरणीत भरतो आणि पावसाळ्यात बुरशी आली की नशिबाला बोल लावतो. मी एक बाटली मागून घेतली.

जेवायला त्याच मसाल्यातलं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. केतनसाठी वेगळ्या चुलीवर वेगळ्या पातेल्यात वालाची भाजी. "मागच्या वेली उपाशी गेला पोर," मावशी म्हणाल्या. केतनच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं असेल.

जेवण झाल्यावर मी सरळच बोलले. म्हटलं, मावशी, मी शाळेत होते तेव्हापासून तुम्हांला ऐकते. दुःखात ऐकलंय, आजारपणात ऐकलंय. तुमची रेकॉर्ड माझ्या घरातलं माणूस आहे.

त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बाय, तू चांगली हायस. पन तू जिला आयकतस ती मी नाय. ती कोन हाय ते मना म्हाईत नाय."

बाल्तूनं सुई थांबवली. मावशींनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग सगळंच सांगितलं. त्या गावात लग्नाला, सणाला गायच्या. त्यांचा जाड, खालचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता. कंपनीचा माणूस गोराईला आला, याच घरात दिवसभर त्यांना गायला लावलं. काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. सगळं गाव जमलं. सुई टेकली आणि आतून कुठल्यातरी बारीक गळ्याची पोर गायला लागली. आधी सगळे हसले. मग कुजबुज झाली: फिलूचा फक्त फोटो घेतला, गायला शहरातली कोणीतरी बसवली. तोंडावरही लोक म्हणाले, नाव लावलंस तर लावलंस, पण खोटं कशाला बोलतेस?

"मी शपत घेतली. कोनी आयकलं नाय. आनि खरं सांगू? मनाच वाटलं, त्यांनी माजा आवाज पुसून दुसरीचा भरला. तवापासून मी गाय नाय. लग्नात नाय, चर्चात मिस्साला नाय."

"मीबी बोललेलो," बाल्तू खाली बघून म्हणाला. "मी आखातात होतो तवा. सुट्टीवर आलो, आयकली. बोललो, फिले, ही तू नाय."

मला माझ्या सिद्धान्ताची आठवण झाली आणि तो त्या घरात उच्चारायची छाती झाली नाही. एका बाईचं गाणं ज्यामुळे बंद पडलं, त्याच आवाजावर मी आयुष्यभर जीव टाकला होता. केतननं हळूच विचारलं, "मावशी, तरी सही नाहीच करणार?" मावशी म्हणाल्या, "दुसरीच्या गान्यावर मी माजं नाव परत..."

आणि थांबल्या. बाहेर उन्हं उतरली होती, चर्चची संध्याकाळची घंटा सुरू झाली होती. मावशींनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. बाल्तूनं जाळं खाली ठेवलं. गल्लीतून जाणारी बाई डोक्यावरच्या पाटीसकट उभी राहिली. घंटा चालू आहे तोवर कुणी बोललं नाही, की हललं नाही.

ही ती जागा! अंगाईत ती थांबते ती कल्पकता कसली. घंटा झाली म्हणून प्रार्थनेला थांबली होती, गिटार मांडीवर तशीच घुमत राहिली. मला गहिवरून आलं. पण दुसऱ्याच क्षणी काहीतरी खटकलं. ही घंटा मी हजार वेळा ऐकलेली, तिचा सूर मी झोपेत सांगेन. आणि ही ती नव्हती. ही जाड होती. खालची होती.

घंटा थांबल्यावर मी विचारलं, "घंटा बदलली का हो मध्ये?"

"घंटा कशाला बदलल?" बाल्तू म्हणाला. "आमच्या आजाची मौत तिनंच सांगलेली. तीच हाय."

मी रेकॉर्डमधली घंटा गुणगुणून दाखवली. बाल्तूला हसू आलं, "ती तं सायकलची घंटी झाली." पण केतन हसला नाही. तो ताडकन उठून बसला होता. "ताई, परत करा." मी परत गुणगुणले. त्यानं विचारलं, "मावशी, त्या दिवशी लाईट होती?"

"वीज कवा असायची? त्यानं सेलवरचं यंत्र आनलेलं. सेल आदीच वापरलेले, दुपारनंतर पार उतरले. मग एकेक काढून पायरीवर उनात तापवी, परत घाली. मी बोलले, उद्या ये. तर बोलला, नाय, आजच उरकू."

उन्हात सेल! आमचे वडील ट्रान्झिस्टरचे सेल असेच कौलांवर वाळत घालायचे, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तर आई कुरडयांसाठी जागा मागायची. उतरलेल्या सेलवर यंत्र हळू चालतं. हळू चाललेल्या यंत्रावर घेतलेली टेप पुढे चांगल्या यंत्रावर लावली, की सगळं भरभर पळतं आणि सूर वर चढतो. दिवस कलेल तसे सेल उतरत गेले, आणि गाण्यागणिक फिलू लहान होत गेली. माझा सिद्धान्त म्हणजे एका माणसाची घाई होती.

मावशींना आम्ही हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा उजळला नाही. इतक्या वर्षांनी कुणी आशा दाखवली तर माणूस सावधच होणार. म्हणाल्या, "मना आयकव. मग बोल." आणि मला त्यांच्या चपला दिल्या.

दुसऱ्या संध्याकाळी केतननं चर्चच्या आवारात उभं राहून ती घंटा नीट मुद्रित करून घेतली.

अंधेरी

केतनचं आवाजाचं काम सायली करते. ती अंधेरीत मरोळला राहते, म्हणून बोरिवलीहून आम्ही आरे कॉलनीतून गेलो. मुंबईच्या ऐन मध्यात असा रस्ता असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे दाट झाडी, म्हशींचे गोठे, शेणाचा ओळखीचा वास. कृष्णाकाठची बाई मी, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वाटेत एका पाड्यापाशी एक बाई रानभाजी विकत होती. मी शेवळं बघून रिक्षा थांबवली. केतन म्हणाला, "ताई, सायली वाट बघते ना!" शेवळं घेतलीच.

सायली तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं घंटेचे दोन्ही आवाज एकाखाली एक लावले. नवी घंटा आणि रेकॉर्डमधली घंटा पडद्यावर दोन डोंगररांगांसारख्या दिसत होत्या, पण शिखरं जुळत नव्हती. तिनं रेकॉर्डमधली हळूहळू खाली खेचली. खेचत गेली, खेचत गेली, आणि एका ठिकाणी शिखरावर शिखर बसलं. "काळी दोनची काळी एक झाली," ती म्हणाली. "पूर्ण एक सूर वर होती यार. वाट लावली होती बाईची."

हे शेवटच्या गाण्याचं झालं. बाकीच्या गाण्यांत घंटा नव्हती. मग सायलीनं गिटारच्या मोकळ्या तारा शोधायला सुरुवात केली. गिटार तीच, सकाळी एकदा लावलेली, आणि अंगाई उतरल्यामुळे तिचे खरे सूर हाती आले होते. मग तार जिथं जितकी चढलेली असेल, तितकी गाण्याला खाली आणायची. एकेक गाणं ती असं उतरवत होती. मी तिच्या मागे बसून शेवळं निवडत होते. दुपार सरली, तिच्या स्वयंपाकघरात मीच भाजी टाकली, ती एका हातानं जेवली आणि दुसऱ्या हातानं काम करत राहिली. या पोरांना कोण विचारतं, कोण ओळखतं? गोराईतल्या एका म्हातारीचा गळा परत जागेवर बसवायला ही पोर पाठीचा काटा ढिला करून घेत होती. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला, जणू माझीच पोरं.

मग तिनं पहिल्यापासून लावलं.

खरं सांगायचं तर मला आवडलं नाही. ओळखीच्या घरात कुणी सगळं सामान हलवून ठेवावं तसं झालं. माझी कोवळी पोर गेली होती. तिच्या जागी एक भारी, संथ आवाजाची बाई होती, शब्द तेच, चाल तीच, पण ती कुणाची मनधरणी करत नव्हती. केतनही अस्वस्थ झाला होता. "लोकांना तो जुना आवाजच पाहिजे ना," तो म्हणाला. "ज्यांनी ऐकलंय ते त्याच आवाजावर फिदा आहेत. दोन्ही छापू या का?"

"अरे, पण गायलीय कोण?" सायली म्हणाली. "तू की ती?"

केतन स्पीकरच्या वायरी गुंडाळायला लागला. मीही ताटं उचलायला उठले, कारण जुना आवाज हवा असलेली सगळ्यात पहिली मीच होते.

पुन्हा गोराई

या वेळी मी फळीवरून उतरले. मावशी पडवीत चुलीपाशी फुगे तळत होत्या. आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठ्यावरून पिळायचं आणि गोळा तेलात सोडायचा. तो टुमकन फुगून वर येतो. आमच्याकडची भजी त्याच्यापुढे अगदी ओबडधोबड. बाल्तू दाराबाहेर कट्ट्यावर बसला होता. आत यायला तयार नव्हता. "तुमी आयका," एवढंच म्हणाला.

केतननं छोटा स्पीकर बाटल्यांच्या फळीवर ठेवला. मावशींनी तळणं थांबवलं नाही. "लाव," म्हणाल्या, जसं काही गॅसवाला आला होता.

गिटार सुरू झाली. मग तो आवाज आला, जाड, खालचा, मिठागरावरच्या बाईचं गाणं. मावशींच्या मुठीतून पीठ निघालं ते तेलात पडलंच नाही, अंगठ्यावर लोंबत राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या कानांना काय झालं कोण जाणे, त्या चेहऱ्यासमोर तो आवाज एकदम बरोबर वाटायला लागला. ही बाई अशीच गाणार. दुसरी कशी गाईल? इतकी वर्षं मी हिला ऐकलंच नव्हतं, मला फक्त तिची घाईत काढलेली सावली मिळाली होती, आणि तीसुद्धा मला पुरली होती.

गाणं संपलं. मावशींनी कढई खाली उतरवली, हात पदराला जेमतेम पुसले.

"तुना कंची आवडते?" त्यांनी मला विचारलं. "ही का ती?"

मी म्हटलं, "कालपर्यंत ती आवडत होती."

त्या हसल्या. "ती गरीब होती बिचारी. तिची काय चूक." मग केतनकडे वळल्या. "छापशील तर हीच छाप. बोटं पिठाची हायेत, सही मागनं करते."

केतननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मावशींनी डोक्यावर हात ठेवून त्याच्या केसांत पीठ लावलं. "शेवटचं लाव," म्हणाल्या. "अंगाईचं."

त्यानं लावलं. पहिली ओळ त्या नुसत्या ऐकत होत्या, ओठ मिटलेले. दुसऱ्या ओळीला ओठ हलले. तिसऱ्या ओळीला आवाज आला, आधी घोगरा, फुटका, बरीच वर्षं न उघडलेल्या दारासारखा करकरणारा, आणि मग तो त्या दुसऱ्या आवाजाच्या शेजारी जाऊन बसला. त्याच सुरात. एक बाई विशीतली, एक सत्तरीतली, एकाच श्वासाला थांबत होत्या आणि एकाच श्वासाला पुढे जात होत्या. गल्लीतल्या दोन-तीन बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

कट्ट्यावरून बाल्तू उठून आत आला. टोपी काढून हातात धरली होती, आणि रडत होता.

"फिले," तो म्हणाला, "ही तं तूच गो. तूच हायस ही."

मावशींनी गाणं सोडलं नाही. पिठाचा हात वर करून त्यांनी त्याला खुणावलं, गप बस, आयक.